टेम्पोवरची जागा

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. मुक्काम अष्टमी.

माझ्या हातानं केलेल्या आणि आजमितीस चालू असलेल्या वस्तू: आठ चॅनेलचा मिक्सर, पत्रा कापण्यापासून शेवटच्या सोल्डरिंगपर्यंत. पंधरा इंची स्पीकरचे दोन बॉक्स. टेम्पोत कीबोर्ड ठेवायचा स्टँड, त्याला खाली जुन्या स्कूटरचे शॉकअप लावलेत, वडखळच्या खड्ड्यांतसुद्धा बोट घसरत नाही. बायकोच्या, चंद्रावतीच्या, चटणीच्या भांड्याचं झाकण. आणि कीबोर्डच्या पोटात बसवलेले सेहेचाळीस टोन. त्यातली सनई ऐकून नागोठण्याला एका हळदीत नवऱ्याचा मामा टेम्पोच्या मागे जाऊन सनईवाला शोधत होता. यातलं एकही मला कोणी शिकवलेलं नाही. कंपनीत हेल्पर म्हणून लागलो आणि इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलो, तेही उघडून बघूनच.

हे मांडून ठेवतोय, कारण काल हरेशनं मला टेम्पोवरून उतरवलं.

हरेश पेणचा, हळदी-मिरवणुकांत टेम्पोवर वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीचा मालक. पार्टी त्याची, पण पहिल्या दिवसापासून कीबोर्ड माझा. टेम्पोवर माझी जागा ठरलेली: केबिनला पाठ, डाव्या हाताला ढोलाचं पॅड वाजवणारा पॅडवाला, उजव्या हाताला बॉक्सची भिंत. बावीस वर्षं त्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं नाही. काल तो पापडांचं पुडकं घेऊन घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, आता सगळ्या पार्ट्या लॅपटॉपवर गेल्या. यंदा नितेशला बसवून बघतो." नितेश कोलाडचा, तिशीतला, बरा वाजवतो, लॅपटॉप बाळगून असतो. हे सांगताना हरेश माझ्याकडे न बघता चंद्रावतीकडे बघत होता, जणू टेम्पोवर तीच बसायची.

मी सरळ विचारलं, अडचण फक्त लॅपटॉपची आहे का. तो पुन्हा चंद्रावतीकडे बघून म्हणाला, "व्हय, लॅपटॉपचीच."

मग प्रश्न मिटला. लॅपटॉप काही आकाशातून पडलेला नाही. मी सांगितलं, माघी गणपतीपर्यंत कीबोर्ड, पॅड आणि लॅपटॉप एकत्र चालवून दाखवतो, दाखवलं तर जागा माझी. हरेशनं कपातला संपलेला चहा पुन्हा प्यायला आणि "बघा" म्हणाला.

त्याचं मला आधीपासून काही कळत नाही. भाद्रपदातल्या गणपतीत तो चालत्या मिरवणुकीत टेम्पोवर चढून माझा आवाज कमी करून जायचा. मी परत होता तिथं आणायचो. तेव्हाच मला त्याच्या ऐकण्याची शंका आली होती.

२१ नोव्हेंबर

लॅपटॉप आला, नासिरभायच्या ओळखीतून. नासिरभायचं पुलाजवळ इलेक्ट्रिकचं दुकान, जुना दोस्त. त्याच्या मेव्हण्यानं कतारहून आणलेला ऑडिओ इंटरफेसही त्यानं वापरायला दिला. हा एक लाल डबा. वाद्यांच्या वायरी पुढून आत, मागून दोन वायरी स्पीकरला, एक वायर लॅपटॉपला. सोबतचं पुस्तक कितीतरी भाषांत आहे, मराठी सोडून. मी आधी डब्याचे स्क्रू कुठं आहेत ते बघत होतो.

"कान्हूभाय," नासिरभाय म्हणाला, "पहिला चालव, मग खोल."

२४ नोव्हेंबर, रविवार

मिडीची वायर, कीबोर्ड लॅपटॉपला जोडायची. एका बाजूला लॅपटॉपची पिन, दुसऱ्या बाजूला दोन टोकं, एकावर 'इन', एकावर 'आउट'. कीबोर्डच्या पाठीवर दोन भोकं, तिथंही 'इन' आणि 'आउट'. इनमध्ये इन लावलं, आउटमध्ये आउट. कोणीही शहाणा माणूस हेच करेल. लॅपटॉप मेल्यासारखा गप्प. अख्खी सकाळ गेली. शेवटी रागानं उलट लावलं तर चाललं.

म्हणजे टोकावर जे लिहिलंय ते लॅपटॉपच्या बाजूनं लिहिलंय, कीबोर्डच्या नव्हे. ही कुठली पद्धत? एसटीच्या पाटीवर गाडी कुठं जाणार ते न लिहिता कुठून आली ते लिहावं तसं झालं.

२६ नोव्हेंबर

चाललं म्हणजे काय, तर पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकतो. आवाज शून्य. दोन दिवस वायर बदलत होतो. आता समजलं (बहुतेक): मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो निरोप. कुठली पट्टी दाबली, किती जोरानं, कधी सोडली. आवाज न्यायला दुसरी वायर, ती लाल डब्यात. चंद्रावतीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे लग्नाचं आवतान येक जन घेऊन जातो नि जेवान दुसरा." बरोबर आहे. मला दोन दिवस लागले.

चंद्रावती हल्ली जेवताना माझ्या डाव्या हाताला बसते. इतकी वर्षं उजवीकडे बसायची. विचारलं तर म्हणाली, इकडं वारा लागतो. पंखा उजवीकडे आहे.

१ डिसेंबर, रविवार

आता आवाज येतो, पण दुहेरी. एक पट्टी दाबली की एकाच सनईच्या दोन सनया, दुसरी किंचित मागून. एखाद्या नवशिक्यानं गुरुजींच्या मागोमाग म्हणावं तसं. वायरी तपासल्या, काही नाही.

२ डिसेंबर

तेच.

५ डिसेंबर

सापडलं. पट्टी दाबली की कीबोर्ड स्वतःही वाजतो आणि लॅपटॉपला निरोपही देतो. लॅपटॉप तोच निरोप परत पाठवतो, कीबोर्ड पुन्हा वाजतो. इमानदार नोकर. कीबोर्डच्या आत 'लोकल' नावाची एक सेटिंग असते, ती बंद केली की तो स्वतःहून वाजायचं सोडतो आणि लॅपटॉपच्या परवानगीची वाट बघतो. बंद केली. दुहेरी गेलं. पण लॅपटॉप बंद केला तर कीबोर्ड मुका. बावीस वर्षं जो माझ्या बोटांनी बोलायचा, तो आता दुसऱ्याला विचारून बोलतो. हे मला फारसं आवडलेलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

पॅड जोडलं. काठी मारली तर सनई वाजली. ढोलाच्या जागी मारा, सनई; टाळ्यांच्या जागी मारा, सनई; जरा जोरात मारा, सनई किंचाळते. चंद्रावती दारात उभी राहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. नंतर उमगलं की प्रत्येक निरोपावर एक नंबर असतो, त्याला चॅनेल म्हणतात, आणि माझा कीबोर्ड कुठल्याही नंबरचा निरोप आपलाच समजून घेत होता. कीबोर्डला नंबर एक दिला, पॅडला नंबर दहा. आता ज्याची पत्रं त्याच्या घरी.

हे मी कोणालाही न विचारता सोडवलंय, हे नोंदवून ठेवतो.

१५ डिसेंबर, रविवार

नवीन भानगड. उजवीकडचा आवाज कमी येतो.

टेम्पोवर हा प्रश्न कधी नव्हता. तिथं डावं-उजवं नसतंच. जो आवाज एका बॉक्सला तोच सगळ्यांना. लॅपटॉपवर मात्र सगळं दोन बाजूंनी. स्पीकर दोन, हेडफोनही दोन बाजूंचा. डावीकडं सनई अशी की ओठांवरची थुंकी ऐकू यावी, आणि उजवीकडं तीच सनई भिंतीपलीकडच्या लग्नातली वाटते. पडद्यावर दोन हिरव्या पट्ट्या असतात, आवाज जितका मोठा तितक्या त्या वर जातात. दोन्ही सारख्या उंचीच्या. म्हणजे पट्ट्या खोट्या बोलतात.

१९ डिसेंबर

दोष शोधायची माझी पद्धत कंपनीतली. दोन बाजूंची अदलाबदल करायची. दोष सोबत गेला, तर तो अदलाबदलीच्या अलीकडे. जागेवर राहिला, तर पलीकडे. या पद्धतीनं मी न उघडता मोटारींचे दोष सांगितले आहेत.

कीबोर्डपाशी वायरी बदलल्या, डावी उजवीत. दोष जागेवर. लाल डब्याच्या मागच्या वायरी बदलल्या. जागेवर. स्पीकर उचलून इकडचा तिकडे ठेवला. जागेवर. पंख्याची वायर जवळ आहे म्हणून पंखा बंद केला. घाम आला, दोष जागेवर. खोलीच्या उजव्या भिंतीला ओल आहे, ती आवाज पीत असावी. उद्या तिथं गोणपाट लावून बघतो.

२० डिसेंबर

गोणपाट काढलं.

२२ डिसेंबर, रविवार

चंद्रावतीची मावशी जित्याहून राहायला आली आहे, ठमाबाई. ती धवलारीण. आमच्या लग्नांत ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा हळद लागते, भटजी नंतर. तिला गायला सांगितलं, म्हटलं माईकची चाचणीही होईल. ती आधी नाय म्हणाली, नवरी नाय, मांडव नाय, कोनाला गाऊ. मग चंद्रावतीला समोर बसवलं आणि म्हणाली, "चल गो, तुजंच लगीन परत लावते." आणि गायली. आवाज थकलाय, पण सूर जागचा हलत नाही.

रेकॉर्ड झालं. दोष सापडेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून उजवीकडचा आवाज वाढवला, दोन्ही बाजू मला समान होईपर्यंत. पडद्यावरची उजवी पट्टी लाल झाली, पण पट्ट्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. मग सगळ्यांना ऐकवलं. अगदी बरोबर. ठमाबाई मात्र दोन्ही हात कानांवर घेऊन उठली. "जावई, ह्या अंगाला मी येवडी वरडतंय का?"

ती उजव्या स्पीकरजवळ बसली होती, त्यामुळे तिला तसं वाटलं.

मावशीनं चंद्रावतीकडे बघितलं, तिनं मावशीकडे. बायकांच्या बघण्यात मी पडत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

पेणला गेलो, रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन. हरेशच्या गोदामाशेजारी गणपतीचा कारखाना आहे, माघीच्या मूर्तींचे डोळे आखायचं काम चालू होतं. गोदामात दोन मोठे बॉक्स लावून ऐकवलं. कीबोर्ड, पॅड, मावशीचा धवला, सगळं एकत्र, एकही सूर दुहेरी नाही.

उजवा बॉक्स फाटल्यासारखा ओरडायला लागला. शेजारचे रंगारी ब्रश घेऊन दारात आले. मी हरेशला सांगितलं, तुझा बॉक्स गेलाय. तो म्हणाला, "असंल दादा." मी स्क्रूड्रायव्हर मागितला. बॉक्स उघडला, स्पीकरचा पडदा बोटानं दाबून बघितला, कॉइल बघितली, टाके बघितले. काही नाही. परत बंद केला. एवढा वेळ हरेश टॉर्च धरून माझ्या बाजूला उभा होता आणि एकदाही म्हणाला नाही की बॉक्स परवाच नवा आणलाय. हे मला बाहेर रंगाऱ्यानं सांगितलं.

का बोलला नाही? नवा बॉक्स कोणी असा उघडू देतं का?

८ जानेवारी

हेडफोन घेऊन नासिरभायकडे गेलो. त्यानं दुकानात बसून पूर्ण धवला ऐकला, उजवीकडचा मी वाढवलेला काढून, मूळचा. डोळे मिटून ऐकला. मग हेडफोन हळूच काउंटरवर ठेवला.

"कान्हूभाय, दोनी बाजू बराबर हायत."

मी म्हटलं परत ऐक. त्यानं परत ऐकला. मग माझ्यासाठी चहा मागवला, जो तो सहसा माझ्याकडून पितो, आणि खुर्ची ओढून माझ्या डावीकडे येऊन बसला. बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी बोलत होता, त्याची बहीण रशिदा, तिचं गुडघ्याचं दुखणं, पेणमध्ये कसे चांगले डॉक्टर आहेत. रशिदाच्या गुडघ्याशी माझा काय संबंध ते लक्षात आलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

अदलाबदल करायची एकच गोष्ट उरली होती.

हेडफोन उलटा घातला. डाव्या बाजूचा उजवीकडे. सनई लावली. उजवीकडचीच बारीक.

म्हणजे दोष पलीकडे. हेडफोनच्या पलीकडे कुठलीही वायर नाही.

दुपारपर्यंत तसाच बसलो. चंद्रावती जेवायला दोनदा बोलावून गेली, असं तिचं म्हणणं आहे.

२० जानेवारी, सोमवार

पेणला गेलो होतो, चंद्रावतीही आली. तिनं कधी नंबर लावून ठेवला होता कोण जाणे. एक लहान खोली, भिंतींना स्पंज, काचेपलीकडे एक मुलगी आणि मशीन. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

डाव्या बाजूला मी एकही चुकवला नाही. मग उजवी बाजू. मुलगी मशीनकडे बघत होती, मी तिच्याकडे. बराच वेळ काही होत नव्हतं. मी काचेवर टकटक करून विचारलं, मशीन चालू आहे ना. ती मान हलवून हो म्हणाली. मी सांगितलं, वायर एकदा तपासा, खाली वळलेली आहे. तिनं उठून वायर सरळ केली. चांगली मुलगी होती. परत बसली. परत बराच वेळ काही नाही. मग फार लांबून, कुंडलिका नदीच्या पलीकडून कोणी शिट्टी मारावी तसं काहीतरी आलं, आणि मी बटण दाबलं. त्याच वेळी काचेपलीकडे चंद्रावतीनं तोंडाला पदर लावला. तिथं तर आवाज पोचत नाही. तिला एवढं काय ऐकू आलं?

डॉक्टरांनी विचारलं, त्या बाजूला मोठ्या आवाजाचं काम केलंय का. मी म्हणालो, काम नाही, वाजवतो. टेम्पोवरची जागा सांगितली.

येताना गाडीत चंद्रावतीला म्हणालो, सगळ्यांना माहीत होतं तर बोललं का नाही कोणी. हरेशनं लॅपटॉपचं कशाला सांगितलं. मी दोन महिने वायरी उलट्यासुलट्या करत बसलो.

"तुमच्या तोंडावर कोन बोलनार?" ती म्हणाली. "हरेशनं त्याआदी दोन महिने रडत काढलेन, ते तुमाला ठाव हाय? गनपतीपास्नं म्हनतोय, वैनी तुमी सांगा. मी म्हनते, तू सांग. शेवटी त्यानं लॅपटॉप पुढं केलान. त्याला काय ठाव, तुमी खराच शिकाल म्हनून."

पूर्ण कळलेलं नाही. हरेश माझ्याहून लहान, माझ्यासमोर वाढलेला. रडायचं त्याला काय कारण?

२६ जानेवारी, रविवार

शब्द दिला होता, म्हणून पेणला सगळं नेलं आणि गोदामात उभ्या टेम्पोवर जोडलं. कीबोर्ड, पॅड, लाल डबा, लॅपटॉप. पहिल्या झटक्यात चाललं. दोन्ही बाजूंचे आवाज मी या वेळी पट्ट्यांवर ठेवले, दोन्ही समान, नाकासमोर. ऐकून ठरवायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. उजवा बॉक्स गुण्यागोविंदानं वाजला. रंगारी दारात आले, आणि या वेळी उभे राहिले.

तीन गाणी घेतली. तिसऱ्या गाण्यानंतर हात थांबवून पुढचं कोणी सांगतंय का बघत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. पॅडवाला, पार्टीचा गायक, हरेश, रंगारी. कोणी हलत नव्हतं. मला वाटलं काही जळलं, मी डब्याकडे बघितलं. तेवढ्यात उजवीकडच्या बॉक्सपाशी उभा असलेला नितेश टेम्पोला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, गायकाला काळी दोनची पट्टी पायजे." तो बॉक्सपाशी उभा राहून हे किती वेळ सांगत होता, ते मी विचारलं नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, हसणाऱ्याला मला उत्तर देता येतं.

काळी दोनमधून वाजवलं. चांगलं वाजलं.

२८ जानेवारी

हरेश आज घरी आला. पुडकं नाही, रिकाम्या हातानं. माझ्या डावीकडे बसला. आता सगळेच तिकडे बसतात, उजवीकडची खुर्ची नुसती धूळ खाते. म्हणाला, तुम्ही दाखवलंत, मी शब्द पाळतो. मी म्हणालो, तू लॅपटॉपचा शब्द दिला होतास, दुसऱ्या गोष्टीचा नाही. तो खाली बघून म्हणाला, "दादा, लॅपटॉप म्या काय म्हनून काढला, मलाच आता कळत नाय. टेम्पो तुमच्याबिगर रिकामा दिसतो."

हे तो मनापासून म्हणाला की माझं मन राखायला, ते मला ओळखता आलं नाही. पूर्वी आवाजावरून ओळखायचो.

मी त्याला विचारलं, मिरवणुकीत ॲम्ब्युलन्स आली, मागून माणूस ओरडला, बंद करा, तर ते मला कुठल्या पट्टीवर दिसणार. त्यानं सांगितलं, नितेशला बाजूला उभा करतो, तो हात लावेल. मी म्हणालो, बावीस वर्षं मला कोणी हात लावून थांबवलेलं नाही. चंद्रावती आतून बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला होता, तेवढं डाव्या बाजूनं कळलं.

त्यानं काय देऊ केलं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको. मी नाही म्हणालो. तो उठला, दारात थांबला, परत तेच आकड्यासकट म्हणाला, मी परत नाही म्हणालो. देऊ केलं ते असं: माघीच्या विसर्जनाची मिरवणूक आणि त्यानंतर अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या सगळ्या हळदी, जागा तीच, केबिनला पाठ, आणि पार्टीत आजवर कोणालाही, अगदी मलाही, न मिळालेला दर, एका रात्रीला चार हजार रुपये.